अनघाताईचा ड्राइव्हवे आणि चिकूचे पंजे

अनघाताई: इकडे मिनियापोलिसला रात्रीचे साडेनऊ झालेत, तुमचा चहा झाला असेल. एक विचारायचं होतं. परवाचा बर्फ दुपारी थोडा वितळला आणि रात्रीतून गॅरेजसमोरच्या उतारावर पुन्हा कडक गोठला. यांनी दुकानातून बर्फावर टाकायचं मीठ आणून ओतलं. तेव्हापासून आमचा कुत्रा चिकू बाहेरून आला की पंजे चाटत बसतो, आज तर पुढचा एक पाय उचलूनच चालून राहिला होता. दुकानात भिंतभर पोती आहेत, निम्म्यांवर कुत्र्याचा फोटो. कोणतं घ्यावं?

आत्या: काहून बाप्पा, मिठानं बर्फ जातो कसा? आपण तर पॉटच्या आइस्क्रीमला बर्फ टिकावा म्हणून मीठ टाकत होतो!

विलासकाका: ताई, टिकावा म्हणून नव्हतं ते. मिठानं बर्फ वितळतोच. पण ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही पाणीच राहतं, म्हणून आतलं दूध गोठतं. अनघाच्या दारात तेच चाललंय, फक्त आइस्क्रीम नाही. अनघा, सकाळी तापमान किती असतं?

अनघाताई: आज उणे 14. जानेवारीत हे रोजचंच.

बाबा: 2018 च्या डिसेंबरात आपल्याकडे 3.5 गेलं होतं तर अख्खं नागपूर शेकोटीपाशी बसलं होतं.

मी: बाबा, ते अधिक 3.5 होतं 😄

विलासकाका: मग तिथेच घोळ आहे. पुस्तकात मीठ उणे 21 पर्यंत चालतं, पण रस्त्यावर उणे 9 च्या खाली त्याचं काम जवळपास थांबतं. म्हणजे तुमचं मीठ विरघळलंच नाही, खडे तसेच पडून राहिले आणि ते चिकूच्या बोटांत जाऊन बसले. आता बाकीचे ऐक. कॅल्शियम क्लोराइड उणे 25 च्याही खाली चालतं, कारण त्याचे पाण्यात तीन आयन, म्हणजे सुटे भारित कण, होतात, मिठाचे दोनच. शिवाय विरघळताना उष्णता सोडतं. मॅग्नेशियम क्लोराइड साधारण उणे 15 पर्यंत. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट पंज्यांना, लोखंडाला, काँक्रीटला सौम्य, पण महाग आणि उणे 7 च्या आसपास थकतं. युरिया त्याहून लवकर.

बाबा: युरिया? आपल्या कोंढाळीच्या शेतात अर्धं पोतं पडून आहे!

विलासकाका: राहू दे तिथेच. त्यात 46 टक्के नायट्रोजन. अनघाच्या गावात पावलोपावली तलाव, वसंतात बर्फ वितळला की सगळं त्यात. शेवाळाची मजा.

मी: म्हणजे कुत्र्याला जे सौम्य ते थंडीत निकामी, आणि जे थंडीत चालतं ते पायाला झोंबतं. मग फोटोवाल्या पोत्यात काय असतं?

स्नेहाताई: प्राण्यांच्या ओपीडीतून आत्ता मोकळी झाले. निखिल, काहीही असू शकतं. 'पेट सेफ' लिहायला तिकडे कुठलं सरकारी मानक नाही. फोटो बघू नको अनघा, पोतं उलटं करून मागची नावं वाच. कॅल्शियम क्लोराइड ओल्या पंज्याला लागलं की तिथेच गरम होतं, कातडी लाल होते, चिरते. चाटलं तर लाळ, उलटी, जुलाब. पण थोडं चाटणं वेगळं आणि उघड्या पोत्यात तोंड घालून खाणं वेगळं. मीठ भरपूर पोटात गेलं तर थरथर, झटके येतात, तेव्हा थेट डॉक्टरकडे. आणि फवारायचं काही घेतलंस तर त्यात इथिलीन ग्लायकोल नाही ना, हे पहिलं बघ. गोड लागतं, कुत्रं आवडीनं चाटतं आणि किडनी जाते. यात थोडंसं चाटलं तरी वाट बघायची नाही.

आत्या: अगं, त्यापेक्षा लाकडाची राख टाक. फुकट.

स्नेहाताई: आत्या, ओली राख चुन्यासारखी झोंबते. पंज्यांना तीही नको, आणि घरभर काळे ठसे उमटतील ते वेगळंच.

विलासकाका: अनघा, ड्राइव्हवे डांबरी की काँक्रीट?

अनघाताई: काँक्रीट. मागच्या उन्हाळ्यातच नवीन करून घेतला.

विलासकाका: मग पहिल्या हिवाळ्यात त्यावर कुठलंच रसायन नको. बर्फाचं पाणी छिद्रांत शिरतं, गोठताना 9 टक्के फुगतं. रसायन टाकलं की हे वितळणं-गोठणं वाढतं आणि वरचा थर पापुद्र्यानं निघतो. अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेट असलेलं तर कधीच नको, ते काँक्रीटच खातं. नवऱ्याला सांग, बर्फ पडला की पायानं दबायच्या आत फावड्यानं काढायचा. राहिलेल्यावर जाडी वाळू. वाळूनं वितळत काही नाही, पाय मात्र धरतो.

अनघाताई: आणि दाराच्या पायऱ्या? त्या जुन्या आहेत. तिथूनच सासूबाई येतात-जातात.

विलासकाका: तिथे मॅग्नेशियम क्लोराइड, दुपारी तापमान थोडं वर असताना. आणि ओतायचं नाही, पसरायचं! मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशोब आहे, एक कॉफीचा मग मीठ 20 फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. एक चमचा मीठ सुमारे 19 लिटर पाणी कायमचं बिघडवतं, कारण क्लोराइड पाण्यातून आपोआप जात नाही.

अनघाताई: यांनी निम्मं पोतं ओतलंय 🤦‍♀️

मी: जिजाजी ग्रुपवर आहेत, ताई.

स्नेहाताई: आधी ते खडे झाडून गोळा करा. चिकूला सध्या मागच्या दारानं अंगणात ने, तिकडे काही टाकू नका. परत आला की कोमट पाण्यात चारही पंजे बुडव, बोटांच्या मधून बोट फिरव, खडे तिथेच अडकतात. मग पूर्ण कोरडे कर, पोट पण पुस, खालचं पाणी तिथे उडतं. जाताना व्हॅसलीन. बूट घालू देत असेल तर उत्तमच. उचलतो त्या पायाचा फोटो मला वेगळा पाठव, चीर असेल तर उद्याच तिकडच्या डॉक्टरला दाखव.

अनघाताई: बूट आणले होते. एक त्याने खाल्ला.

आत्या: पोटात गेला का गं?

अनघाताई: नाही आत्या, फक्त चावला. फोटो पाठवते. आणि पोत्याच्या मागचा फोटो उद्या दुकानातूनच टाकते काका, पैसे द्यायच्या आधी.

विलासकाका: टाक. अक्षरं बारीक असतात, नीट जवळून काढ.