वर्गाने वाळीत टाकलेली मुलगी कुणाच्या तक्रारवहीत?

रामबागची_आई
इंदूरच्या आपल्या शाळांत दोन मुलं भिडली की लगेच पालकांना बोलावणं जातं. पण नववीतल्या मुलीशी सगळ्या वर्गाने बोलणं टाकलं, ग्रुपमधून काढलं, तिच्या फोटोवर घाण लिहिलं, तर “मुलींची भांडणं, मिटतील” म्हणून सोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये तिथल्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा वर्षभरात शाळेत छळ झाल्याचं २३.६ टक्के मुलींनी सांगितलं, मुलग्यांत १५.४ टक्के. मोबाइल-इंटरनेटवरच्या छळात २०.४ आणि १०.९. मुलींना जास्त सोसावं लागतं, हे आता तरी मान्य करा.

निवृत्त_गणित_शिक्षक
ताई, आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. हा सांगितलेला छळ आहे. मुलगे सांगतात का? छळाची व्याख्या मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी करून ठेवली आहे: मुद्दाम, वारंवार आणि स्वतःपेक्षा दुबळ्या मुलावर. व्हॅनमध्ये रोज टपल्या खाणारा, “बायल्या” ऐकणारा मुलगा त्यात अचूक बसतो, पण शाळा त्याला मस्ती म्हणते. घरी बोलला तर बाबा म्हणतात, “तूही एक ठेवून द्यायचीस.” मग तो “खेळताना पडलो” सांगतो. असा मुलगा प्रश्नावलीत खरं लिहील, यावर माझा विश्वास नाही. शिवाय मुलगे ठोसे मारतात आणि मुली टोमणे, ही वाटणीही कच्ची आहे. संशोधक नोएल कार्ड व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुलांच्या आक्रमक वागण्यावरचे १४८ अभ्यास एकत्र तपासले. मारामारीत मुलगे स्पष्ट पुढे, पण आडून त्रास देण्यात मुलगे-मुलींतला फरक नगण्य.

सुदामानगर_४५२
आणि मुलीला छळणारी मुलगीच, हे कुणी ठरवलं? छातीवरून, रंगावरून शेरे मारणारे बहुतेक वेळा वर्गातले मुलगेच असतात.

रामबागची_आई
अगदी! सर, कार्ड यांचा नगण्य फरक त्रास देणाऱ्यांमधला आहे, सोसणाऱ्यांमधला नाही. कोण करतं आणि कोणाला होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलगे लपवतात हे मानते. पण मुली तरी कुठे सगळं सांगतात? फोटोचं घरी कळलं तर आधी तिचाच मोबाइल काढून घेतात, मग कोचिंग बंद. म्हणून ती गप्प बसते.

निवृत्त_गणित_शिक्षक
मोबाइलचा मुद्दा मान्य. मुलींना जास्त, हे अजूनही नाही. सीबीएसईने २०१५ मध्येच शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं होतं. पुढच्या पालकसभेत आपापल्या शाळेत विचारा: समिती आहे का, आणि तिच्याकडे आलेल्या तक्रारींत मुलगे किती, मुली किती? मुलग्यांची एकही तक्रार नसेल, तर तिथे मुलगे सुखात आहेत असं मी तरी मानणार नाही.