मदत हवी आहे: मुलांच्या विनोदी चित्रपुस्तकात ‘झाली–आली’ या यमकांपासून सुटका कशी करावी?

नमस्कार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मी एक विनोदी चित्रपुस्तक पद्यात लिहीत आहे. त्यातला बेडूक शिंकला की जवळच्या माणसाची इच्छा पूर्ण होते, पण ती नेमकी भलत्यालाच लागू पडते. नातू बाबांसारख्या मिशा मागतो आणि त्या फुटतात आजीला. सोळा पानांचे दोन फर्मे (छापून दुमडलेले मोठे कागद), म्हणजे एकूण ३२ पाने धरली आहेत. शीर्षक वगैरे वगळता त्यात जेमतेम चौदा जोडपाने (समोरासमोरची दोन पाने) मिळतात, त्यामुळे सतरा इच्छांपैकी काही गाळाव्याच लागतील. त्याचे मला विशेष वाटत नाही.

खरी अडचण यमकांची आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, त्यामुळे सोळा मात्रांच्या चालीत ओळी सहज जमतात, पण त्या अशा:

बेडुक शिंके, जादू झाली,
आजीला मग मिशीच आली.

पहिली ओळ उजव्या पानावर आहे आणि दुसरी पान उलटल्यावर येते. साडेचार वर्षांच्या भाचीला वाचून दाखवले तेव्हा तिसऱ्या इच्छेपासून ती पान उलटण्याआधीच ‘आली!’ म्हणू लागली. मुलांनी यमक ओळखावे हे मला हवेच आहे, परंतु सातव्या इच्छेपर्यंत ती नुसती ‘आली, आली’ म्हणत राहिली आणि चित्राकडे तिचे लक्षच गेले नाही. म्हणून नामावर यमक साधून पाहिले:

डोक्याखाली घेउन उशी
झोपे आजी, फुटली मिशी.

येथे प्रत्येक ओळीत एक मात्रा कमी पडते. शेवटचा स्वर ओढून म्हटल्यास ते खपते, पण मोठ्याने वाचणाऱ्या अनोळखी पालकाला तसे ओढायचे कसे कळणार? शिवाय प्रसंग अंगणातला असताना केवळ यमकासाठी उशी आली आणि चित्रकाराला आता आजीला झोपवावे लागेल. ‘मुखी’, ‘करी’ अशी जुन्या कवितेतली रूपे वापरली तर यमकाची अडचण सुटते, पण ती मुलांच्या कानाला परकी वाटतात आणि विनोदाची गंमत जाते.

ज्यांनी लहान मुलांसाठी पद्य लिहिले आहे किंवा वर्गात वाचून दाखवले आहे, त्यांनी कृपया सांगावे: ‘बेडुक शिंके, जादू झाली’ ही ओळ ध्रुवपदासारखी तशीच ठेवून पुढची ओळ बिनयमकी, केवळ लयीत लिहिली, तर मुलांना ती अपुरी वाटते का? आणि मिशीचा उल्लेखच गाळून ती फक्त चित्रात दाखवली, तर चार वर्षांच्या मुलापर्यंत तो विनोद पोहोचतो का?