ग्रामपंचायत हद्दीतील रो-हाउससाठी गृहकर्जावरील व्याज अनुदान मिळते का?

प्रश्न – अंबडकर

मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. पगार दरमहा सुमारे ४५,००० रुपये असून पत्नीचे वेगळे उत्पन्न नाही. दिंडोरी तालुक्यात, नाशिक शहराच्या बाजूला असलेल्या एका गावात आम्ही २४ लाखांचे रो-हाउस पाहिले आहे. गाव अजून ग्रामपंचायतीतच आहे. वडिलांना २०१८ मध्ये मूळ गावी घरकुल मिळाले, ते त्यांच्याच नावावर आहे. बिल्डरकडील माणूस सांगतो की सरकारचे २.६७ लाख नक्की मिळतात, ते धरूनच पैशांची जुळवाजुळव करा. हे कितपत खरे आहे? सासरे द्राक्षाच्या हंगामानंतर चार लाखांची मदत करणार आहेत, तेही कर्जात भरावे असा विचार आहे.

उत्तर – पंचवटीकर

२.६७ लाख हा प्रधानमंत्री आवास योजनेतील जुन्या व्याज अनुदान योजनेचा कमाल आकडा आहे आणि आपल्या उत्पन्नगटासाठी ती योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली, तेव्हा तो आकडा हिशेबातून काढून टाका. सध्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के दराने, जास्तीत जास्त १.८० लाख, आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. म्हणजे वर्षाला फार तर ३६,००० रुपये. घर घेताना स्वतःची जी रक्कम उभी करायची, तिच्यासाठी यातला एक रुपयाही उपयोगी पडत नाही.

वडिलांच्या घरकुलामुळे आपण आपोआप अपात्र ठरत नाही. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. मात्र त्या घरकुलाच्या नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या करनोंदीच्या उताऱ्यावर, आपले नाव सहहिस्सेदार म्हणून चढले असेल तर अडचण येईल, म्हणून उतारा आधी काढून पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाचा मार्ग आपल्याला बंदच आहे, कारण घरातील कोणाचेही उत्पन्न दरमहा १५,००० च्या वर असल्यास ते कुटुंब तेथे अपात्र ठरते.

खरा प्रश्न गावाचा आहे. गाव दिसायला शहरासारखे आहे की नाही, यावर काहीच ठरत नाही. ते अधिसूचित नियोजन क्षेत्रात, म्हणजे शासनाने नियोजनबद्ध विकासासाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात असेल तर ग्रामपंचायत असूनही शहरी योजनेत बसू शकते. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात नाशिकलगतच्या तालुक्यांतील गावे आहेत. आपले गाव त्यात आहे का, हे प्राधिकरणाकडून लेखी घ्या आणि कर्ज देणारी संस्था ते मान्य करते का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारा.

उत्तर – निफाडचा शेतकरी

अनुदानाआधी कागद पाहा, असे मी अनुभवाने सांगतो. मी गावठाणातील घरासाठी एका बँकेत गेलो, तेव्हा माझ्याकडे फक्त नमुना ८ होता. बँकेच्या वकिलांनी तो उलटून पाहिला, ‘माती-विटांचे घर, पत्रा’ या नोंदीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘याची चतुःसीमा कुठे आहे?’ चारही बाजूंच्या हद्दींची ती नोंद नव्हतीच. नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. पुढे गावठाणातील घरांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर मालमत्ता पत्रक मिळाले, तेव्हाच फाइल हलली.

आपले रो-हाउस गावठाणाबाहेर असेल तर बिनशेती आदेश (शेतजमीन इतर कामासाठी वापरण्याची परवानगी) आणि मंजूर नकाशा मागा. ‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, बिनशेतीची गरज नाही’ असे सांगितले जाईल. तशी तरतूद जमीन महसूल संहितेत केली गेली होती. पण तिथेही जमीन बिनशेती करण्याचा रूपांतरित कर भरून सनद, म्हणजे तसा सरकारी दाखला, घ्यावा लागत असे, त्यामुळे ती सनद हातात घेऊनच पुढे बोला.

उत्तर – पंचवटीकर

हंगामाच्या पैशांबद्दल लिहायचे राहिले. अनुदानाचा प्रत्येक हप्ता मिळताना कर्ज चालू असावे लागते आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावी लागते. २० लाखांचे कर्ज घेतले तर १० लाखांची रेषा लक्षात ठेवा. यंदा चार लाख भरल्याने काही बिघडणार नाही; पुढच्या हंगामात आणखी चार भरलेत, तर नेहमीच्या हप्त्यांतून फिटलेली मुद्दल धरून आपण त्या रेषेच्या अगदी काठावर याल.

त्यापेक्षा सासऱ्यांचे चार लाख सुरुवातीलाच वापरता येतात का ते पाहा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे २.४० लाख आपले. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही, ते वेगळे. खरेदीखत केवळ पत्नीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावावर केल्यास ती मिळत नाही.

अंबडकर

आभारी आहे. बयाण्याची तारीख पुढे ढकलली असून बिल्डरकडे सनदेची प्रत मागितली आहे. ‘दोन दिवसांत देतो’ असे उत्तर आले. आज नववा दिवस आहे.