क्लायंटच्या साईटला सीएमएस (साईटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) कुठलं घ्यावं? स्टँडर्ड्स पाळणारं पाहिजे

नाशिककर_वेब
मंडळी, अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टची साईट आलीये, मराठी-इंग्रजी. अट अशी की डब्ल्यूसीएजी २.१ ची (साईट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या नियमांची) डबल-ए, म्हणजे मधली लेव्हल पाहिजे, आणि त्यांचेच कार्यकर्ते एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून साईट वापरणार, त्यामुळे नुसतं कागदावर दाखवून भागणार नाही. मजकूर ऑफिसातल्या मॅडम टाकणार. मी आजवर वर्डप्रेस अधिक पेज बिल्डर (माऊसने ओढून पान बनवायचं प्लगइन) एवढंच केलंय आणि व्हॅलिडेटरला (पानाचा कोड तपासणाऱ्या टूलला) लावलं की एररची रांग लागते. ड्रुपल हे दुसरं सीएमएस शिकू का? बजेट विचारू नका 😅

डिवमुक्त
वर्डप्रेसला कशाला शिव्या, बिल्डर काढ आधी. एका बटणाला चार डिव (कोडमधले नुसते डबे) गुंडाळतात आणि हेडिंगची लेव्हल अक्षराचा साईज बघून निवडली जाते. साधी ब्लॉक थीम (सगळं पान ब्लॉकनी बनलेली) घे, वर्डप्रेसच्या थीम डिरेक्टरीत अ‍ॅक्सेसिबिलिटी-रेडी टॅग लावून शोध, आणि थीम डॉट जेसन या सेटिंगच्या फाईलमध्ये कस्टम रंग बंदच करून टाक, म्हणजे पिवळ्यावर पांढरं कोणी लिहिणार नाही. डबल-ए साठी साध्या मजकुराला अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो.

कोथरूडचा_ड्रुपलवाला
दोन भाषा म्हणतोयस तर ड्रुपलचा विचार कर बाबा, आवृत्ती ८ पासून भाषांतर कोअरमध्येच (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) आहे, वर्डप्रेसला त्यासाठी प्लगइन लागतं. इमेज फील्डला ऑल्ट टेक्स्टही (चित्राचं शब्दांतलं वर्णन) बाय डिफॉल्ट कंपल्सरी, मॅडमना टाळताच येत नाही (मग त्या "फोटो" एवढंच लिहितात ते सोडा). पण कंपोजर (ड्रुपलचे भाग बसवायचं टूल), अपडेट हे सगळं पुढे कोण बघणार ते आधी ठरव. आवृत्त्या जुन्या होतात बघ: ड्रुपल ७ चा सपोर्ट जानेवारी २०२५ मध्ये संपला, आणि ७ वरून पुढे जायचं म्हणजे साईट जवळपास नव्यानेच बांधायची.

स्नेहल_टेस्टर
टूल कुठलंही घ्या, मजकूर कुठून येतो ते बघा ना. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं (दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड) पत्रक मॅडमनी कॉपी-पेस्ट केलं की एनव्हीडीए इंग्रजी अक्षरांची भेळ वाचणार, आणि व्हॅलिडेटर मात्र हिरवा! आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. आणि कोडमध्ये भाषा सांगा: मराठी पानाला लँग एमआर, मध्येच इंग्रजी परिच्छेद आला तर त्याला लँग ईएन.

नाशिककर_वेब
त्यांची सगळी जुनी पत्रकं तसल्याच फॉन्टमध्ये आहेत 🙈 वर्डप्रेसच ठेवतो, बिल्डर काढतो. मॅडमना एडिटर रोल (मजकूर टाकायचे-बदलायचे अधिकार) दिला तर चालेल ना?

डिवमुक्त
चालेल, पण टेम्प्लेटमधले (पानाच्या साच्यातले) ब्लॉक लॉक कर. आणि कन्व्हर्जनचे पैसे वेगळे लाव!