मदत हवी आहे: किराणा यादीतून जीएसटी कसा काढायचा?

राम राम मंडळी. चोपड्याकडच्या आमच्या बचत गटातल्या बायांना हिशोब मांडून दाखवायचाय: मजुरीतला किती पैसा जीएसटीत जातो? त्या म्हणतात, "आम्ही कुठला कर भरतो!"

सुटी दादर (ज्वारी), तूरडाळ यांवर कर नाही. पण २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतलं पीठ, डाळ २०२२ पासून ५ टक्क्यांत. गोडेतेल, साखर, चहापत्ती ५ टक्के. अंगाचा साबण सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वरून ५ वर आला, मोबाईलचं रिचार्ज मात्र १८ वरच. केळीच्या बागायतदारालाही हेच दर. पण त्याचे उरलेले पैसे बँकेत जातात, मजुराचे सगळेच दुकानात. मला खुपतं ते हे.

एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणजे १०५ रुपयांच्या तेलपुड्यात कर ५ रुपये, एवढं जमतं. पण डिझेल जीएसटीबाहेर, त्यावर व्हॅट (राज्याचा वेगळा विक्रीकर), आणि तो भाजीच्या भाड्यात मुरतो. तो कसा धरायचा? शिवाय कंपोझिशनवाला (म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक टक्के कर स्वतःच भरणारा छोटा) दुकानदार बिलात कर लावूच शकत नाही, मग त्याच्याकडच्या मालाचं काय? कुणी सीए किंवा कॉमर्सचे सर असतील तर सांगा. तयार तक्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं.