गोव्यात २ मीटर रिपीटर लावायचाय, फ्रिक्वेन्सी ठरवताना काय काय बघावं?

फोंडा_व्हीएचएफ
नमस्कार मंडळी. आमचा फोंड्यातला छोटा ग्रुप आहे, हॅम रेडिओचा २ मीटर बँडचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर जोरात पुन्हा पाठवणारा सेट) उभा करायचं चाललंय. जागा पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर, साधारण ३५० मीटर उंची, सासष्टी-केपे बाजू मोकळी मिळते. पावसात लाइट आणि मोबाइल एकदम जातात तेव्हा सांगे-काणकोणकडच्या गावांशी संपर्क राहावा एवढीच इच्छा आहे. एक पेअर (फ्रिक्वेन्सींची जोडी) मनात धरलीय, आउटपुट (रिपीटर पाठवतो ती) १४५.६५० मेगाहर्ट्झ आणि मायनस ६०० किलोहर्ट्झ म्हणजे इनपुट (रिपीटर ऐकतो ती) १४५.०५०. दिवसा ऐकलं तर चिडीचूप, पण थंडीत रात्री त्याच आउटपुटवर लांबच्या कुठल्यातरी रिपीटरवरचं बोलणं येतं, तेही हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर), आणि ऊन चढलं की गायब. ग्रुपमधले काही म्हणतात सीटीसीएसएस टोन टाका (बोलण्यासोबत जाणारा बारीक सूर, तो जुळला तरच रिपीटर उघडतो), विषय संपला. खरंच संपतो का?

कुडाळचा_ओएम
नाही संपत. तुम्ही ऐकताय ते डक्टिंग आहे. समुद्रावर खाली दमट गार हवा आणि वर जमिनीवरून आलेली कोरडी गरम हवा असा थर बसला की व्हीएचएफ सिग्नल त्यात अडकून किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो किमी जातो. पावसाळ्यात वारा हवा ढवळून काढतो, थर टिकत नाही. त्यामुळे जुलैत ऐकून फ्रिक्वेन्सी मोकळी आहे असं कोणी ठरवू नये, ऑक्टोबरपासून मे पर्यंत ऐका, रात्री आणि पहाटे पण. आणि फक्त आउटपुट नको ओएम (आम्ही हॅम एकमेकांना असंच म्हणतो), इनपुटही तेवढंच ऐका, लोक तेच विसरतात. तुमचा रिसीव्हर बसणार तो १४५.०५० वर, तिथे कोणी लांबून बोललं तर तुमचा रिपीटर ते उचलून अख्ख्या दक्षिण गोव्यात वाजवणार.

मुरगावकर
टोनबद्दल लिहितो कारण हा गैरसमज फार आहे. समजा तुम्ही ८८.५ हर्ट्झ ठेवला आणि पलीकडच्यांचा १२३.० आहे. त्यांच्या माणसाने तुमचा रिपीटर उघडणार नाही, एवढा फायदा नक्की. पण त्यांचा सिग्नल तुमच्या इनपुटवर यायचा थांबत नाही, फक्त रिसीव्हर गप्प बसतो. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो, त्यामुळे सांग्यातला एखादा ५ वॉटवर बोलतोय आणि डक्टमधून जोरात काही आलं की त्याचं बोलणं मधेच तुटणार, आणि ऐकणाऱ्याला कारण पण कळणार नाही कारण दुसरा आवाज ऐकूच येत नाही. पुराच्या वेळी हे झालं तर? टोन टाकाच, पण आधी पेअर वेगळी घ्या. बाजूच्या चॅनेलपासून २५ किलोहर्ट्झ तरी लांब, ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचा (बोलताना फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना तेवढी हलते) सिग्नलच १६ च्या आसपास रुंद होतो, १२.५ वर शेजार घेतला तर एकमेकांत सांडणार. आणि १४५.८०० च्या वर जाऊ नका, ते सॅटेलाइटसाठी आहे, स्पेस स्टेशनचा आवाज १४५.८०० वरच येतो.

घाटावरून
बेळगावहून. घाटाचा विचार पण करा. ३५० मीटरवरून रेडिओ क्षितिज ७५-८० किमी येतं, आंबोलीच्या कड्याजवळून (६९० मीटर धरा) १०० च्या वर. म्हणजे आंबोलीला कोणी हँडी घेऊन उभा राहिला तर तुमचा आणि आमच्या बाजूचा असे दोन्ही रिपीटर एका पीटीटीने (बोलायचं बटण दाबलं की) उघडतील, पेअर आणि टोन सारखे असले तर. यासाठी आधी बोलायचं असतं. अमेरिकेत नियमच आहे, कोऑर्डिनेशन करून लावलेल्या रिपीटरला न विचारता लावलेला नडला तर निस्तरायची मुख्य जबाबदारी न विचारणाऱ्याची. आपण निदान रीत म्हणून हे पाळूया. डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना लागतो तो लागतोच, पण परवान्याने शेजाऱ्याशी बोलणं होत नाही. आउटपुट, इनपुट, टोन, जागा, उंची, पॉवर, अँटेना एवढं एका कागदावर लिहून सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार सगळ्यांना पाठवा आणि हार्डवेअर घ्यायच्या आधी पाठवा. एकदा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारा फिल्टर) ट्यून करून डोंगरावर चढवला की फ्रिक्वेन्सी बदलायची कोणाची तयारी नसते, मग भांडणं होतात.

फोंडा_व्हीएचएफ
खूप आभार सगळ्यांचे. डुप्लेक्सरची ऑर्डर थांबवली. दोन-तीन पेअर निवडतो आणि एक जुना मोबाइल सेट इनपुटवर रेकॉर्डिंगला लावून ठेवतो, व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप सुरू होतं), म्हणजे रात्री कोणी आलं की वेळेसकट कळेल. कुडाळचे ओएम, तुम्ही तुमच्याकडून त्याच पेअर ऐकाल का? एकाच रात्री दोन्ही टोकांना ऐकलं तर सिग्नल कुठून येतोय ते लवकर कळेल.

कुडाळचा_ओएम
नक्की, यागी (एका दिशेने ऐकणारी अँटेना) आहे माझ्याकडे, फिरवून दिशा पण सांगतो. पेअर कळवा. कारवारकडचं कोणी वाचत असेल तर त्यांनीही सामील व्हा, पारोड्यापासून कारवार सरळ रेषेत ४५ किमीच आहे. ७३ (शुभेच्छा).