मदत हवी आहे : श्रीलंकेतील शांतिसेनेचा जादा खर्च अर्थसंकल्पातून वेगळा कसा काढावा?

नमस्कार. मी सोलापूरला अर्थशास्त्रात एम. ए. करत असून परदेशातील लष्करी मोहिमांच्या खर्चाची अर्थसंकल्पीय मांडणी हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. परदेशांचा भाग लिहून झाला आहे. अडले आहे ते भारताच्या प्रकरणात.

अमेरिकेने २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकचा खर्च बरीच वर्षे तातडीच्या पुरवणी तरतुदींतून भागवला व पुढे मूळ संरक्षण तरतुदीशेजारी त्यासाठी वेगळा कप्पाच ठेवला. २०११ च्या कायद्याने संरक्षण खर्चावर घातलेली मर्यादा या कप्प्याला लागू नव्हती, त्यामुळे नेहमीचा खर्चही त्यात सरकवला जाऊ लागला (मार्चअखेरची बिले पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये), आणि २०२२ च्या अर्थसंकल्पापासून तो बंद झाला. ब्रिटनची रीत मला अधिक सरळ वाटते : मोहीम नसती तरी झालाच असता तो खर्च वगळून केवळ निव्वळ जादा खर्च राखीव निधीतून संरक्षण खात्याला दिला जातो. आमचे यंत्रमाग आहेत. वडील पुण्यातील प्रदर्शनात चादरी मांडतात तेव्हा एरवीही द्यावीच लागणारी कामगारांची मजुरी त्या खर्चात धरत नाहीत, टेम्पोभाडे, जागाभाडे आणि राहण्याचे पैसे तेवढे धरतात.

हीच कसोटी मला भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेला (१९८७ ते १९९०) लावायची आहे. संविधानात अनुच्छेद ११५ खालील पूरक अनुदाने आणि ११६ मधील प्रत्ययानुदान (ज्याचा तपशील आधी देता येत नाही अशा अनपेक्षित खर्चासाठीची मंजुरी) अशा वाटा आहेत. परंतु पगार, शिधा, इंधन, वाहतूक हा खर्च लष्कराच्या नेहमीच्या शीर्षांखालीच (अंदाजपत्रकातील खर्चाच्या ठरलेल्या सदरांखालीच) पडत असल्याने मोहिमेचा वाटा त्यात मिसळून जातो. आधीच्या वर्षाशी तुलना करावी, तर चौथ्या वेतन आयोगाने त्याच सुमारास पगार वाढवले होते. पगार वगळून केवळ वाहतूक व इंधन घ्यावे, तर १९८६-८७ मध्येच राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव झालेला असल्याने ते वर्षच फुगलेले आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. पायाभूत वर्ष म्हणून १९८५-८६ घेणे योग्य ठरेल का? आणि १९८५ ते १९९० या काळातील संरक्षण सेवा अंदाजपत्रके व पुरवणी मागण्यांची पुस्तके सोलापुरात किंवा पुण्यात कोठे पाहायला मिळतील? संरक्षण लेखा विभागात काम केलेले कोणी येथे असल्यास, वाहतुकीच्या शीर्षात जहाजभाडे स्वतंत्र दाखवले जात असे का, एवढे जरी सांगितले तरी माझे पुढचे प्रकरण सुरू होईल.